विद्यापीठांतील गायनाध्ययन आणि पाठचिकित्सा

१

या त्रैमासिकाच्या पानांवर सनदा, निवाडपत्रें, शकावल्या, ताम्रपट आणि पोथ्यांच्या याद्या यांची चर्चा करणें ही रूढ वाट आहे. गायनाच्या परीक्षेची गोष्ट येथें काढिली असतां ती अप्रस्तुत आहे असें कांहीं वाचकांस प्रथमदर्शनीं वाटेल. परंतु एकाच वचनाचे दोन पाठ समोर असावे, एक छापील व एक मौखिक, आणि त्यांतील एकास प्रमाण व दुसऱ्यास अशुद्ध ठरविण्याचा अधिकार कोणास व कशाच्या बळावर आहे असा प्रश्न पडावा, हा प्रसंग आपणां संशोधकांच्या नित्य परिचयाचा आहे. तोच प्रसंग आज विद्यापीठांच्या संगीत विभागांत वारंवार घडतो. आणि तेथें त्याचा निकाल ज्या रीतीनें लागतो ती रीति आम्हांस सदोष वाटते. म्हणून हा लेख.

निमित्त असें झालें. पूर्वीं आमच्याजवळ संस्कृत शिकलेली एक विद्यार्थिनी गेल्या वर्षीं दोन वह्या घेऊन आमच्या घरीं आली. लहानपणापासून दहा-बारा वर्षें एका वृद्ध गुरुजींपाशीं तिनें ख्यालाची तालीम घेतली होती, आणि नंतर एका विद्यापीठांत गायन हा विषय घेऊन ती एम्. ए. च्या वर्गांत दाखल झाली. वर्गांतील एका चांचणीच्या लेखी उत्तरांत एका चिजेचें स्वरलेखन शब्दांसह करावयाचें होतें. तिनें तें गुरुमुखांतून आलें होतें तसें केलें. उत्तरपत्रिका परत आली तेव्हां गुण कापिलेले होते व शेरा एवढाच होता: ‘पाठ अशुद्ध’. नेमलेल्या पुस्तकांत अंतऱ्याच्या शेवटीं ‘सदारंग’ ही मुद्रा छापिली आहे. तिच्या गुरुजींच्या वहींत त्याच जागीं ‘अदारंग’ आहे. तिनें आम्हांस विचारिलें, “सर, यांतला खरा पाठ कोणता?”

घटकाभरांत उत्तर देतां येईल अशा समजुतीनें आम्ही बसलों, आणि आठ दिवसांनंतरहि निर्णय देऊं शकलों नाहीं. त्या आठ दिवसांत एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली. खरा पाठ कोणता हा प्रश्न कसा विचारावा आणि त्याचा शोध कोणत्या साधनांनीं घ्यावा, हें त्या मुलीस दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांत कोणींच शिकविलें नव्हतें. आमचा आक्षेप आहे तो यावर.

२

गायन विद्यापीठांत कसें शिरलें हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १८८६ मध्यें गायनशाळा स्थापिली व तिची व्यवस्था मौलाबक्ष यांच्या हातीं दिली. तीच पुढें १९४९ मध्यें निघालेल्या बडोद्याच्या विद्यापीठांत समाविष्ट झाली. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढिलें. विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेनें १९१६ मध्यें बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, आणि त्यांच्या पद्धतीवर १९१८ मध्यें ग्वाल्हेरीस व १९२६ मध्यें लखनौस संगीत विद्यालयें उघडलीं. लखनौची ती संस्था २००० मध्यें अभिमत विद्यापीठ व २०२२ मध्यें राज्याचें विद्यापीठ झाली. काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत पलुस्करांचे शिष्य ओंकारनाथ ठाकूर यांच्या नेतृत्वाखालीं संगीताचें महाविद्यालय उभें राहिलें. खैरागढास १९५६ मध्यें केवळ संगीतादि कलांसाठीं विद्यापीठ निघालें, व भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे कांहीं काळ त्याचे कुलगुरु होते. पुणें विद्यापीठाचें ललित कला केंद्र १९८७ चें. या मालिकेंत महाराष्ट्रीय पुरुषांचा वांटा किती मोठा आहे हें निराळें सांगावयास नको. आणि म्हणूनच तिच्या गुणदोषांची चर्चा मराठींत होणें उचित आहे.

या संस्थांविरुद्ध नेहमीं दोन तक्रारी ऐकूं येतात. गवई म्हणतात कीं, विद्यापीठांत गवई घडत नाहीं. अध्यापक म्हणतात कीं, राग पुष्कळ, तास थोडे, आणि वर्गांत विद्यार्थी वीस, मग गळा कसा तयार व्हावा? दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. परंतु दोन्हींचें गृहीत एकच आहे कीं, विद्यापीठाचें मुख्य कार्य गवई घडविणें होय. तें गृहीतच आम्हांस मान्य नाहीं, आणि आमच्या बाजूनें एक मोठा जुना साक्षीदार आहे.

३

देवगिरीच्या यादव सिंघणाच्या पदरीं श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेबखात्याचा अधिकारी, असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकर’ रचिला. पुण्याच्या आनंदाश्रमानें तो मंगेश रामकृष्ण तेलंग यांच्याकडून संपादवून कल्लिनाथाच्या टीकेसह १८९६-९७ मध्यें दोन भागांत छापिला, आणि पुढें अड्यारहून १९४३ पासून निघालेल्या आवृत्तींत कल्लिनाथाच्या जोडीस सिंहभूपालाची टीकाहि आली. आज प्रत्येक विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांत या ग्रंथाचें नांव असतें. त्याचे सात अध्याय, बावीस श्रुति, ग्राम आणि मूर्च्छना यांची माहिती विद्यार्थी तोंडपाठ म्हणून दाखवितात. परंतु त्याच ग्रंथाच्या प्रकीर्णकाध्यायांत गायकांचे जे पांच प्रकार सांगितले आहेत त्यांचा विचार कोणी आपल्या अभ्यासक्रमाला लावून पाहिल्याचें आमच्या दृष्टीस पडलें नाहीं.

ते प्रकार असे: शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक आणि भावुक. दुसऱ्याची गायकी हुबेहुब उतरविणारा तो अनुकार. स्वतः रसांत बुडून गाणारा तो रसिक. श्रोत्यांचें रंजन करणारा तो रंजक. गीतांत मूळचें नसलेलें वैशिष्ट्य आणून त्यास उंचीवर नेणारा तो भावुक. आणि कांहीं उणें न ठेवितां विद्या दुसऱ्यास देण्यांत जो कुशल तो शिक्षाकार. त्याचें नांव यादींत पहिलें आहे. शार्ङ्गदेव हा क्रम योग्यतेचा आहे असें म्हणत नाहीं, व आम्हीहि त्यावर इमारत रचीत नाहीं. पण शिक्षाकार हा स्वतंत्र प्रकार आहे, तो अनुकाराहून आणि रंजकाहून भिन्न आहे, इतकें त्यावरून निःसंशय ठरतें.

रंजक व भावुक हे मैफलीचे पुरुष होत. ते विद्यापीठांत निपजले तर आनंदच आहे, न निपजले तर विद्यापीठाचा तो अपराध नव्हे. शिक्षाकार घडविणें मात्र विद्यापीठाच्या हातचें आहे. ‘उणें न ठेवितां’ विद्या द्यावयाची तर जें द्यावयाचें तें कोठून आलें, कोणत्या रूपांत आलें, त्यांत काय गळलें व काय मिसळलें, हें देणारास कळलें पाहिजे. पोथीच्या क्षेत्रांत यालाच आपण पाठचिकित्सा म्हणतों. गायनाच्या क्षेत्रांत तिचें नांवहि निघत नाहीं, आणि म्हणून आजचें विद्यापीठ बहुशः अनुकारच घडवितें. तोहि गुरूचा अनुकार नव्हे, तर पुस्तकाचा.

४

हें म्हणणें उदाहरणानें सिद्ध केलें पाहिजे. प्रथम शास्त्राच्या बाजूचें घेऊं.

सतराव्या शतकांतील अहोबलाच्या ‘संगीतपारिजात’ ग्रंथाचें महत्त्व असें कीं, त्यांत स्वरांचीं स्थानें वीणेच्या तारेच्या लांबीवरून सांगितलीं आहेत. आधुनिक स्पष्टीकरणकार तार ३६ इंच धरून त्यांचें गणित मांडितात. इंच अर्थातच अहोबलाचे नव्हेत. तारेच्या मध्यें तार षड्ज, म्हणजे १८ इंचांवर. दोन षड्जांच्या मध्यें मध्यम, म्हणजे २७ वर. तारेचे तीन भाग करून पंचम, म्हणजे २४ वर. षड्ज व पंचम यांच्या मध्यें गांधार, म्हणजे ३० वर. त्याच दोहोंच्या ‘पूर्वभागीं’ ऋषभ. अंतराचे तीन भाग मानून पहिला सोडिला तर तो ३२ वर येतो. पंचम व तार षड्ज यांतील अंतराचे दोन अंश सोडून निषाद, म्हणजे २० वर. या हिशेबानें गांधार व निषाद आजच्या भाषेंत कोमल ठरतात, आणि अहोबलाचा शुद्ध मेळ आजच्या काफीच्या जवळ जातो. येथवर फारसा वाद नाहीं.

राहिला धैवत. त्याचें स्थान ग्रंथकार ‘स’ व ‘प’ यांच्या ‘मध्यदेशीं’ सांगतो. वर्गांत विद्यार्थ्यास सांगतात कीं, धैवत २१ १/३ इंचांवर. आमच्या विद्यार्थिनीनेंहि तेंच सांगितलें. आम्हीं विचारिलें कीं, पंचम २४ वर आणि तार षड्ज १८ वर असेल तर मध्य २१ वर येतो. मग हा एक तृतीयांश इंच कोठून आला? ती स्तब्ध झाली, कारण हा प्रश्न तिच्या वहींत नव्हता.

तो असा येतो. ऋषभ ३२ वर आहे. त्याचा पंचम म्हणून धैवत बोलावयाचा तर ३२ चे दोन तृतीयांश, म्हणजे २१ १/३, हेंच स्थान निघतें. गांधार ३० व निषाद २० यांच्यामध्यें तो संबंध तंतोतंत आहे, मग ऋषभ-धैवतांतहि तो असावा, असें हें अनुमान आहे. उलट पक्ष असा कीं, याच ग्रंथकारानें तार षड्ज, मध्यम व गांधार यांच्या बाबतींत ‘मध्य’ हा शब्द बरोबर अर्ध्याच्या अर्थीं तीनदा योजिला आहे. मग चौथ्या वेळीं तो ढोबळ अर्थीं कसा घ्यावा? त्यास उत्तर असें कीं, चौथ्या वेळीं शब्द बदलला आहे. ‘मध्यें’ न म्हणतां ‘मध्यदेशीं’ म्हटलें आहे, आणि देश म्हणजे बिंदु नव्हे, प्रदेश. शिवाय वाक्याचा अक्षरार्थच घ्यावयाचा तर ‘स-प’ ही जोडी ऋषभाच्या वेळीं मध्य षड्ज व पंचम अशी आहे आणि धैवताच्या वेळीं ती पंचम व तार षड्ज अशी घ्यावी लागते. म्हणजे केवळ अक्षरावर विसंबून येथें चालतच नाहीं, संदर्भाकडे पाहावेंच लागतें.

आम्हांस २१ १/३ हा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. परंतु तें अनुमान आहे, वचन नव्हे, आणि त्याचा अर्धा भार एका शब्दाच्या एका अवयवावर आहे. एखाद्या जुन्या विश्वसनीय पोथींत ‘मध्यदेश’ याच्या ठिकाणीं दुसरा पाठ मिळाला तर या युक्तिवादाचा एक खांब निखळेल. ज्या वाचकांच्या संग्रहीं पारिजाताची पोथी असेल त्यांनीं तें स्थळ अवश्य काढून पाहावें. आणि विद्यापीठाचा दोष येथें नेमका दिसतो: त्यानें विद्यार्थ्यास उत्तर दिलें, पण त्या उत्तरामागें एक शब्द, दोन अर्थ आणि एक निर्णय आहे हें सांगितलें नाहीं. जी गोष्ट संस्कृताच्या वर्गांत एका तासाचा सुंदर पाठ झाली असती, ती संगीताच्या वर्गांत एक आंकडा होऊन राहिली.

५

आतां त्या दोन वह्यांकडे वळूं.

सदारंग म्हणजे नियामतखां, महंमदशहा बादशहाच्या (१७१९-१७४८) दरबारांतील प्रसिद्ध वीणावादक व ख्यालांचा रचनाकार. अदारंग म्हणजे फिरोजखां, त्याच्याच कुळांतील. मुद्रा बदलली कीं कर्ता बदलतो. म्हणून हा भेद एका अक्षराचा असला तरी क्षुल्लक नव्हे. पोथींत असा भेद आढळला तर आपण काय करितों? प्रथम छंद पाहतों. येथें दोन्ही शब्दांच्या मात्रा सारख्याच सहा आहेत, त्यामुळें छंद निर्णय देत नाहीं. उलट, एकाच्या जागीं दुसरा सहज कां बसला याचें कारण देतो. मग लिपि पाहतों. फारसी लिपींत एकाचा आरंभ अलिफानें व दुसऱ्याचा सीनानें होतो; त्यांची गल्लत लेखकाच्या हातून सहसा व्हावयाची नाहीं. तेव्हां हा भेद हाताचा नसून कानाचा वा स्मरणाचा असावा. मग संभव पाहतों. अपरिचित नांवाच्या जागीं सुपरिचित नांव येणें हें नेहमींचें आहे, आणि सदारंगाची कीर्ति अधिक. त्या न्यायानें ‘अदारंग’ हा पाठ जुना ठरूं शकतो. परंतु आपल्या घराण्यास एका विशिष्ट रचनाकाराशीं जोडण्याची इच्छाहि मुद्रा बदलविते, आणि ती कोणत्याहि दिशेनें बदलवूं शकते. शेवटीं इतर साक्षी पाहावयाच्या: कृष्णानंद व्यासांचा ‘रागकल्पद्रुम’ (कलकत्ता, १८४२-४९) यासारखे जुने छापील संग्रह, दुसऱ्या घराण्यांतील पाठ, जुन्या ध्वनिमुद्रिका, आणि खाजगी बाडें. इतकें झाल्यावरहि निर्णय लागेलच असें नाहीं. आमचा लागला नाहीं. पण ‘पाठ अशुद्ध’ हा शेरा यांपैकीं एकहि पायरी न चढतां लिहिलेला होता, हें निश्चित.

त्याच वह्यांत आणखी दोन गोष्टी आढळल्या. गुरुजींची वही पलुस्करांच्या स्वरलिपींत आहे आणि पाठ्यपुस्तक भातखंड्यांच्या. पलुस्करांच्या लिपींत स्वराच्या डोक्यावर बिंदु असला तर तो स्वर मंद्र सप्तकाचा. भातखंड्यांच्या लिपींत तोच बिंदु तार सप्तकाचा. एकाच चिन्हाचे दोन अगदीं विरुद्ध अर्थ! मोडींतील एखादें वळण चुकीचें वाचल्यानें दस्तऐवजाचा अर्थ कसा फिरतो हें आपण जाणतों. येथें तर सबंध ओळ एका सप्तकावरून दोन सप्तकें पलीकडे उडी मारील. तरी लिपिभेद हा विषय ‘दोन्ही पद्धतींची तुलना करा’ एवढ्या प्रश्नापुरता शिकविला जातो. जुनी वही हातीं देऊन ‘ही वाच’ असें कोणी म्हणत नाहीं.

दुसरी गोष्ट शब्दार्थाची. त्या चिजेंत ‘मंदिर’ शब्द आहे, आणि विद्यार्थिनीच्या वर्गांतील टिपणांत नायिका देवळांत प्रियकराची वाट पाहते असा अर्थ लिहिलेला आहे. अमरकोशांत ‘मंदिर’ हा शब्द गृहवाचक शब्दांत आहे, आणि व्रजभाषेच्या काव्यांत तो घर या अर्थीं नित्य येतो. नायिका आपल्या घरींच बसली आहे. मराठींत त्या शब्दाचा अर्थ आकुंचित झाला म्हणून ती बिचारी देवळांत गेली. हें वाचून हंसूं येतें, पण ज्या विभागांत शेंकडों व्रज चिजा गावयाच्या तेथें व्रजभाषेचा एकहि तास नसावा, ही हंसण्याची गोष्ट नव्हे.

६

हा सर्व दोष भातखंड्यांच्या माथीं मारावा असा कोणाचा कल होईल, म्हणून त्याविषयीं स्पष्ट लिहितों. त्यांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत जो चिजांचा भांडार आहे तो त्यांनीं न जमविला तर त्यांतील कितीतरी चिजा गवयांबरोबरच गेल्या असत्या. त्या संग्रहांत बहुतेक चिजांखालीं त्या कोणाकडून मिळाल्या तें छापिलेलें नाहीं, ही उणीव खरी आहे, आणि पाठचिकित्सेच्या दृष्टीनें मोठी आहे. परंतु त्याच गृहस्थानें १९०४ मध्यें दक्षिणेंत एट्टयपुरमपर्यंत जाऊन सुब्बराम दीक्षितांकडून व्यंकटमखीची ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ मिळविली, बिकानेरच्या पोथ्या पाहिल्या, आणि पुंडरीक विठ्ठलादिकांचे ग्रंथ छापून प्रसिद्ध करविले. पोथी शोधणें, ती वाचणें आणि ती छापून सर्वांस उपलब्ध करणें, हें आपलेंच व्रत त्यांनीं पाळलें.

शिवाय त्यांचा मुख्य ग्रंथ ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ मराठींत आहे, चार भागांत आहे, आणि गुरुशिष्यसंवादरूपानें लिहिलेला आहे. त्यांतील शिष्य सारखा विचारतो: हें कोणत्या ग्रंथांत आहे? तेथें असें असेल तर आज गवई तसें कां गात नाहींत? दोन ग्रंथांचा विरोध येतो तेथें काय करावें? आणि गुरु कित्येक ठिकाणीं मोकळेपणानें सांगतो कीं, येथें निश्चय होत नाहीं. विद्यापीठांनीं या माणसापासून दहा थाट घेतले, रागांचे वादी-संवादी घेतले, चिजा घेतल्या. त्यानें विचारलेले प्रश्न मात्र तेथेंच ठेविले. आज महाराष्ट्राबाहेरील विद्यार्थी तो ग्रंथ हिंदी भाषांतरांत वाचतात, आणि मराठी विद्यार्थी बहुधा त्याच्या सारांशाचा सारांश वाचतात. जो ग्रंथ शंका घेण्यास शिकविण्यासाठीं लिहिला, त्याचा उपयोग शंका मिटविण्यासाठीं होत आहे.

७

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप संभवतात.

पहिला गवयांचा. चीज कागदावर नसते, गळ्यांत असते. गुरूनें जशी दिली तशी ती खरी. तुमची पाठचिकित्सा तिला काय करणार? या आक्षेपाचा पूर्वार्ध आम्ही सर्वस्वीं मान्य करितों. शार्ङ्गदेवाच्या परिभाषेंत शब्द म्हणजे मातु व स्वररचना म्हणजे धातु. स्वरलिपि धातूचा सांगाडा देते. त्यांतील मींड, आंदोलन, उच्चाराचा दाब ती देऊं शकत नाहीं. परंतु याच कारणास्तव गुरुमुखांतून आलेला पाठ ही एक स्वतंत्र साक्ष आहे, आणि पुस्तकाहून भिन्न आहे म्हणून तिला अशुद्ध म्हणणें हा त्या साक्षीवरच अन्याय आहे. आमची चिकित्सा गुरूच्या विरुद्ध नाहीं. परीक्षेच्या वर्गांत गुरूची बाजू मांडणारी तीच एक आहे.

दुसरा आक्षेप पंडितांचा, आणि तो अधिक गंभीर आहे. पुण्यास महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध झाली, ती पोथ्यांच्या शाखा-उपशाखा लावून. चिजांस ती पद्धति लागूं पडेल काय? एकच गवई सकाळीं एक व सायंकाळीं दुसरा शब्द म्हणतो. एका घराण्याचा शिष्य दुसऱ्या घराण्याची चीज ऐकून उचलतो. शाखा एकमेकींत मिसळल्या आहेत. मूळ पाठ म्हणून कांहीं होतें असेंहि छातीठोकपणें सांगतां येत नाहीं. हें सर्व आम्हांस मान्य आहे, आणि म्हणून मूळ पाठ शोधून काढा असें आमचें सांगणें नाहीं. आमचें सांगणें इतकेंच आहे कीं, पाठ शेजारीशेजारीं छापा, प्रत्येकाखालीं तो कोणत्या मुखांतून वा कोणत्या बाडांतून आला तें लिहा, आणि निर्णय होत नसेल तर होत नाहीं असें म्हणा. यास मोठी सामग्री लागत नाहीं. फक्त प्रामाणिकपणा लागतो.

आणि हें विद्यापीठांत होऊं शकतें याचा पुरावा आहे. काशीस ओंकारनाथ ठाकूर यांच्यापाशीं गायन शिकलेल्या व संस्कृतांत पारंगत असलेल्या डॉ. प्रेमलता शर्मा यांनीं राणा कुंभाचा ‘संगीतराज’ संपादिला. त्याचा भाग १९६३ मध्यें हिंदु विश्वविद्यालयानें प्रसिद्ध केला. १९७२ मध्यें त्यांनीं संपादिलेला ‘सहसरस’ संगीत नाटक अकादमीनें छापिला. शाहजहान बादशहाच्या आज्ञेनें संग्रहित झालेलीं नायक बक्षूचीं एक हजार ध्रुपदें त्यांत आहेत. मतंगाची ‘बृहद्देशी’ त्रिवेंद्रमहून १९२८ मध्यें प्रथम छापली गेली होती. तिचेंहि नवें संपादन त्यांनीं १९९२ पासून प्रसिद्ध केलें. ज्या बाई तंबोरा घेऊन गुरूपुढें बसत त्याच पोथ्यांचे पाठ पडताळीत. शार्ङ्गदेवाचा शिक्षाकार आधुनिक काळीं कोणास म्हणावें, असें विचारिलें तर आम्ही त्यांचें नांव घेऊं. परंतु त्यांचें काम त्यांच्या पाठीमागें अभ्यासक्रमाचा नियम झालें नाहीं. ग्रंथालयाच्या कपाटांत राहिलें.

८

तेव्हां आमची सूचना फार मोठी नाहीं. एम्. ए. च्या दोन वर्षांत प्रत्येक विद्यार्थ्यानें एक चीज घ्यावी. तिचे निदान तीन पाठ मिळवावे, त्यांतील एक जिवंत गायकाच्या मुखांतून, एक छापील पुस्तकांतून व एक जुन्या वहींतून वा ध्वनिमुद्रिकेंतून. शब्द व स्वर यांचे भेद लिहावे. आणि मग ती चीज गाऊन दाखवावी. परीक्षकानें भिन्न पाठास गुण कापण्यापूर्वीं ‘हा कोणाकडून?’ असें विचारावें, आणि साक्षीदाराचें नांव सांगितलें तर तो पाठ स्वीकारावा. संस्कृत ग्रंथांतील एखादें तरी स्थळ, जसें वर दिलेलें धैवताचें, मूळ शब्दांसह शिकवावें. यानें तानेची तयारी एका दिवसानेंहि कमी होणार नाहीं.

उरलें काम आपलें आहे. कीर्तनकारांच्या, संस्थानिकांच्या पदरीं असलेल्या गवयांच्या, आणि हौशी शिष्यांच्या घरांतून चिजांचीं बाडें आजहि निघतात. त्यांवर ना शक असतो, ना कर्त्याचें नांव, ना मोहर. म्हणून संग्राहक तीं बाजूस ठेवितात, आणि वारस तीं रद्दींत घालितात. आम्हीं स्वतःहि पूर्वीं अशीं दोन बाडें ‘गाण्याचीं आहेत’ म्हणून न उघडतां परत केलीं होतीं. आज त्यांचा पत्ता लागत नाहीं. ज्या चिजेच्या मुद्रेविषयीं आम्ही आठ दिवस शोध करीत होतों ती त्यांत असेल वा नसेल. तें आतां कधींच कळावयाचें नाहीं. ज्यांच्या संग्रहीं अशीं बाडें असतील त्यांनीं निदान तीं कोणाच्या घरचीं, कोणत्या लिपींतील, किती पानांचीं, व त्यांत कोणत्या चिजांचे आरंभ आहेत, एवढी यादी या त्रैमासिकाकडे धाडावी.

त्या विद्यार्थिनीस आम्हीं शेवटीं एवढेंच सांगितलें कीं, दोन्ही पाठ वहींत लिही, आणि प्रत्येकाखालीं साक्षीदाराचें नांव घाल. तिनें गुरुजींस विचारिलें. त्यांनीं आपल्या गुरूंचें नांव सांगितलें. त्या गुरूंनीं ती चीज कोणाकडून घेतली तें त्यांस ठाऊक नव्हतें. तिनें तसेंच लिहिलें आहे: गुरु, गुरूंचे गुरु, आणि त्यापुढें एक कोरी ओळ. ती ओळ एखाद्या वाचकाच्या कपाटांतील बाडावरून भरली गेली तर हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.